वलय कोणाचे: गुरुत्वाचे की द्रव्याचे?

६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनला रॉयल सोसायटी आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांची संयुक्त सभा भरली. त्या वर्षी २९ मे रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्यालगतचे तारे नेहमीच्या जागेवरून किती सरकलेले दिसले, याची मोजमापे तिथे मांडली गेली आणि आइन्स्टाइनचे भाकीत खरे ठरल्याचे जाहीर झाले. विज्ञानाच्या इतिहासात ही सभा त्या घोषणेसाठी ओळखली जाते. त्याच सभेत केंब्रिजचे सौरभौतिकीतज्ज्ञ ह्यू न्यूअल यांनी काढलेली शंका मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. सूर्याभोवती विरळ वायूचे आवरण आहे. ते आपण समजतो त्याहून दूरवर पसरलेले असेल, तर ताऱ्यांचा प्रकाश त्या वायूतल्या अपवर्तनानेच वाकला नसेल कशावरून, असे त्यांचे म्हणणे होते. या शंकेला उत्तर होते. एवढे अपवर्तन घडवायला जितका दाट वायू लागेल, त्यातून सूर्याला खेटून जाणारे धूमकेतू अडखळल्याशिवाय पार झाले नसते, आणि तसे ते अडखळलेले कोणी पाहिले नव्हते. शंका मिटली, पण तिच्या पोटातला प्रश्न शिल्लक राहिला. जड वस्तूजवळून आलेल्या प्रकाशात जे काही दिसते, त्यात त्या वस्तूच्या गुरुत्वाचा वाटा किती आणि तिच्याभोवतीच्या द्रव्याचा किती?

कृष्णविवरांच्या बाबतीत हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. कृष्णविवर स्वतः उजेड देत नाही. उजेड देतो तो त्याच्याभोवती घिरट्या घालणारा तापलेला वायू. तरीही लोकांपर्यंत पोचणाऱ्या वर्णनांत गुरुत्व नायक असते आणि वायूला पडद्यामागच्या माणसाइतकीही किंमत नसते. गेल्या शंभर वर्षांतली ही विद्या बारकाईने पाहिली, तर मला ही वाटणी अन्यायाची वाटते. विवराभोवतीचे द्रव्य प्रकाशाची वाट जवळजवळ वाकवत नाही, ते काम गुरुत्वाचेच. पण वाकलेल्या असंख्य वाटांपैकी कोणत्या वाटेने प्रकाश निघेल, कोणती वाट मध्येच बुजेल आणि कोणती किती उजळेल, हे द्रव्य ठरवते. कौलातून येणाऱ्या कवडशाची तिरीप हवेतल्या धुळीमुळे डोळ्यांना दिसते, तसेच हे आहे. म्हणूनच प्रकाश वाकवणारे भिंग म्हणून कृष्णविवर समजून घेण्याच्या कामात पुढची पावले पडली ती द्रव्याला गणितात जागा दिल्यावर. त्याला मळ समजून पुसायला निघालेले प्रयत्न फार दूर गेले नाहीत.

हा धडा पहिल्यांदा गिरवला गेला तो सूर्यावरच. सूर्याभोवतीचा कोरोना अभ्यासण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ग्रहणांमागे मोहिमा निघत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी तळ दिला होता, आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही तिथेच उतरले होते. त्या माळावरच्या दुर्बिणी कोरोनाची छायाचित्रे आणि वर्णपट टिपायला लावलेल्या होत्या. ताऱ्यांचे सरकणे मोजणे हा त्या मोहिमेचा विषयच नव्हता. पुढे १९२२ साली ऑस्ट्रेलियातल्या वॉलल इथल्या ग्रहणात ते सरकणे मोजून आइन्स्टाइनच्या निकालाला भक्कम दुजोरा देणारे कॅम्पबेल ते हेच. दृश्य प्रकाशाला कोरोना फारसा वाकवू शकत नाही, त्यामुळे तेव्हा निभावले. रेडिओलहरींच्या बाबतीत तसे निभावणार नव्हते. कोरोना म्हणजे प्लाझ्मा, आणि प्लाझ्मातले अपवर्तन तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय त्याची दिशा गुरुत्वाच्या उलट असते. गुरुत्व किरणाला सूर्याकडे ओढते, तर कोरोना त्याला बाहेर ढकलतो. ड्वेन म्यूलमन आणि जॉन्स्टन यांनी १९६६ मध्ये सूर्याच्या गुरुत्वक्षेत्रातून जाणाऱ्या रेडिओलहरींचा प्रश्न कोरोनासह मांडला. १९७४ साली एडवर्ड फोमलाँट आणि रिचर्ड स्रामेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी दोन वारंवारतांवर वेध घेतले. दोन्हींवर गुरुत्वाचा परिणाम सारखाच, कोरोनाचा मात्र वेगवेगळा. त्या फरकावरून कोरोनाचा हिस्सा काढता आला आणि उरलेले वाकणे १.७७५ विकला भरले. आइन्स्टाइनचा आकडा १.७५ विकलांचा. कोरोनाला पुसून टाकल्यामुळे उत्तर मिळाले, असे कोणी म्हणेल. पण त्यांनी तो आधी मोजला आणि मग वजा केला. न मोजता पुसला असता तर हाती चुकीचा आकडा आला असता.

सिद्धांताच्या अंगणात याच काळात अगदी वेगळी परंपरा वाढत होती. कार्ल श्वार्ट्सशिल्ट यांनी १९१६ मध्ये एकाकी गोल वस्तुमानाभोवतीच्या अवकाशाचे उत्तर काढले आणि काही महिन्यांत ते वारले. त्या उत्तरावर काम करताना गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांच्या लक्षात आले की विवराच्या सीमेच्या दीडपट त्रिज्येवर प्रकाश वर्तुळात फिरत राहू शकतो. १९५९ मध्ये चार्ल्स गाल्टन डार्विन यांनी, उत्क्रांतिवादाच्या डार्विनच्या नातवाने, या वर्तुळाजवळून जाणारे किरण किती वेढे घेऊन बाहेर पडतात याचा हिशेब मांडला. एकाच ताऱ्याच्या अनेक प्रतिमा, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिकी, विवराभोवती एकमेकींना चिकटून बसतात, असे त्यातून निघाले. दुरून पाहणाऱ्याला अशा किरणांचा घेर विवराच्या सीमेच्या सुमारे २.६ पट मोठा दिसतो. हे सारे गणित देखणे आहे आणि आजही त्यावाचून काही हलत नाही. पण त्यातले विवर निर्मळ पोकळीत एकटे उभे आहे. प्रकाश येतो तो दूरच्या ताऱ्यांकडून, आणि वाटेत त्याला कोणीही भेटत नाही.

अशी एकाकी विवरे असतातच की, असा आक्षेप इथे येऊ शकतो आणि तो बिनबुडाचा नाही. २०११ साली आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेने एक तारा काही काळ उजळला आणि पुन्हा मंदावला. हबल दुर्बिणीने पुढची काही वर्षे त्याची जागा मोजल्यावर २०२२ मध्ये निष्कर्ष निघाला की त्याच्यापुढून सुमारे ५,००० प्रकाशवर्षे दूर असलेले, सूर्याच्या सहा-सात पट वस्तुमानाचे एकाकी कृष्णविवर गेले. भोवती चमकणारा वायू नाही, सोबतीला तारा नाही, फक्त भिंग. द्रव्यावाचून गुरुत्वीय भिंग चालते हे त्याने दाखवलेच. पण त्या भिंगाने सांगितले काय? वस्तुमान, अंतर आणि वेग. ज्या किरणांनी ती बातमी आणली ते शंभर कोटी किलोमीटरच्या घरातल्या अंतरावरून गेलेले होते, आणि विवराची त्रिज्या आहे वीस किलोमीटरच्या आसपास. एवढ्या दुरून जाणाऱ्या प्रकाशाला मध्ये कृष्णविवर आहे की तितक्याच वस्तुमानाचे आणखी काही, यातला फरक कळत नाही. तिथे दुसरे काही तेजस्वी दिसत नाही, म्हणून ते विवर ठरले. विवराच्या उंबरठ्यापाशी प्रकाशाचे काय होते ते पाहायचे असेल, तर उंबरठ्यापाशीच दिवा हवा. तो दिवा वायूचा.

तो दिवा लावून पाहण्याची सुरुवात १९७० च्या दशकात झाली. जेम्स बार्डीन यांनी १९७२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ले झुश इथल्या व्याख्यानांत फिरणाऱ्या विवराची आकृती तेजस्वी पार्श्वभूमीवर कशी दिसेल ते काढले. हे प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही, असेही त्यांनी नोंदवून ठेवले. त्यांचे विवर अजून पोकळीतलेच होते, उजेड मागून येणारा. पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेतल्या झाँ-पिएर ल्युमिने यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रात हा उजेड विवराच्या दाराशी आला. निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या नमुन्याप्रमाणे विवराभोवती पातळ, अपारदर्शक तबकडीत वायू फिरतो, असे त्यांनी धरले. आकडेमोड केली आयबीएम ७०४० या यंत्रावर, छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या साहाय्याने. आकड्यांचे चित्र करून देणारे साधन हाताशी नव्हते. म्हणून निगेटिव्ह कागदावर काळ्या शाईने एकेक ठिपका देत त्यांनी ते हाताने रेखले, जिथे प्रकाश जास्त तिथे ठिपके दाट. तबकडीचा मागचा भाग, जो विवराआड लपायला हवा, तो वर उचलला जाऊन विवराच्या माथ्यावर कमानीसारखा दिसतो. तबकडीच्या खालच्या बाजूचा प्रकाशही वळसा घेऊन येतो आणि बारीक कड होऊन उमटतो. एक बाजू झगझगीत आणि दुसरी जवळजवळ विझलेली आहे, कारण एकीकडचा वायू प्रचंड वेगाने आपल्याकडे येतो आहे आणि दुसरीकडचा दूर चालला आहे. कमान गुरुत्वाची, पण उजेडाचा हा डावे-उजवेपणा वायूच्या गतीचा. एकाच चित्रात दोघांच्या सह्या इतक्या स्पष्ट याआधी कधी दिसल्या नव्हत्या, आणि माझ्या मते या विद्येच्या इतिहासात ते चित्र कोणत्याही समीकरणाइतकेच मोलाचे आहे. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' चित्रपटासाठी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या मदतीने असेच विवर उभे केले गेले, तेव्हा प्रेक्षक गोंधळेल म्हणून हा उजेडाचा फरक गाळला गेला. पडद्यावर सुंदर, समतोल वलय आले. त्यात गुरुत्व पूर्ण शाबूत होते आणि वायूची सही मात्र पुसलेली होती. पुढे लोकांच्या मनात विवराचे जे रूप ठसले ते हेच.

ल्युमिने यांचे चित्र बरोबर होते, पण ते सगळ्या विवरांचे चित्र नव्हते. त्यांची तबकडी अपारदर्शक, म्हणून तिच्या पलीकडून येणारा बराचसा वाकलेला प्रकाश तबकडीच अडवते. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे विवर, धनू अ*, तसेच एम८७ या दीर्घिकेतले विवर, यांच्याभोवती अशी तबकडी नाही, हे १९९० च्या दशकात उमगू लागले. सेत्सुओ इचिमारू यांनी १९७७ मध्ये सुचवलेली आणि रमेश नारायण व इन्सू यी यांनी १९९४ पासून तपशिलाने विकसित केलेली कल्पना अशी की वायू फारच विरळ असेल तर त्याला आपली उष्णता बाहेर टाकायला सवड मिळत नाही. तो फुगतो, जाडसर होतो, भयंकर तापतो, आणि तरीही अंधूकच राहतो. असा वायू मिलिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला जवळजवळ पारदर्शक असतो. हायनो फाल्के, फुल्व्हिओ मेलिया आणि एरिक एगॉल यांनी २००० साली नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. पारदर्शक वायूत बुडालेल्या विवराच्या मध्याकडे जाणारी दृष्टिरेषा विवरात संपते, त्यामुळे तिच्यावर थोडाच वायू येतो. कडेने जाणारी रेषा वायूतून वळसे घेत लांबचा प्रवास करते आणि वाटेत प्रकाश गोळा करत जाते. परिणाम म्हणून मध्ये काळोखी आणि भोवती उजळ वलय. बार्डीन यांनी ज्याची आशा सोडली होती, ते पृथ्वीभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी जोडून दिसू शकेल, असा त्यांचा दावा होता. गुरुत्व १९७९ मध्ये होते तेच, बदलले होते फक्त वायूबद्दलचे ज्ञान. तेवढ्याने चित्र बदलले, आणि ते पाहण्याचा मार्गही सापडला.

१० एप्रिल २०१९ रोजी अशाच दुर्बिणी जोडून उभारलेल्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एम८७ मधल्या विवराची प्रतिमा जाहीर केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये सात दुर्बिणींनी १.३ मिलिमीटर तरंगलांबीवर घेतलेल्या वेधांतून ती तयार झाली होती. वलयाचा व्यास भरला ४२ मायक्रोविकला, म्हणजे एका विकलेचे दहा लाख भाग केले तर त्यातले ४२. दक्षिणेची बाजू जास्त तेजस्वी, ल्युमिने यांच्या चित्रातल्याच कारणाने. आता या ४२ वरून विवराचे वस्तुमान कसे काढायचे? निखळ गुरुत्वाच्या गणितात वलयाचा व्यास विवराच्या गुरुत्वीय त्रिज्येच्या, म्हणजे सीमेच्या निम्म्या त्रिज्येच्या, १०.४ पट यायला हवा. प्रत्यक्षात उजळ वलय या गणिती कडेवर चोख बसत नाही, ते वायूच्या कृपेने थोडे बाहेर सरकते आणि जाडही होते. म्हणून चमूने संगणकावर वायू आणि चुंबकक्षेत्रांची प्रतिरूपे चालवून ६० हजारांहून अधिक चित्रे तयार केली, त्यांवर आपली मोजण्याची रीत तपासली, आणि १०.४ च्या जागी सुमारे ११ हा गुणक ठरवला. त्यातून वस्तुमान आले ६५० कोटी सूर्यांचे. या निकालाला एक जुना वाद जोडलेला होता. एम८७ च्या मध्याजवळच्या ताऱ्यांच्या गतीवरून २०११ मध्ये ६६० कोटींचा आकडा आला होता, तर तिथल्याच फिरत्या वायूवरून २०१३ मध्ये ३५० कोटींचा. वलयाने कौल ताऱ्यांच्या बाजूने दिला. वायूने दिलेली साक्ष चुकलेली दिसली, कारण तो नीट वर्तुळात पूर्ण वेगाने फिरतो हे गृहीतक बहुधा खरे नव्हते. द्रव्याला गणितात जागा द्यायची म्हणजे त्याचे म्हणणे आंधळेपणाने मानायचे असे नाही. त्याच्या सवयी ओळखून मगच त्याची साक्ष तोलायची, आणि वलयाच्या बाबतीत प्रतिरूपांनी तेच केले.

याच टप्प्यावर सगळ्यात गंभीर आक्षेप पुढे आला. सॅम्युअल ग्राला, डॅनिअल होल्झ आणि रॉबर्ट वॉल्ड यांनी २०१९ मध्ये दाखवले की विवराभोवती एकदोन वेढे घेऊन आलेल्या प्रकाशाचा एकूण उजेडातला वाटा लहान असतो. विवर स्थिर धरले तर प्रत्येक पुढचे वलय आधीच्यापेक्षा सुमारे २३ पट बारीक होते. म्हणजे दिसते ते जाड वलय मुख्यतः वायूतून थेट आलेल्या, थोडासाच वाकलेल्या प्रकाशाचे, आणि वायू कुठे चमकतो त्यावर त्याचा आकार अवलंबून. असे असेल, तर या प्रतिमेवरून आइन्स्टाइनची परीक्षा झाली असे म्हणता येईल का? दुसऱ्या बाजूने नारायण, मायकेल जॉन्सन आणि चार्ल्स गॅमी यांनी त्याच वर्षी गणित मांडले की वायू सगळ्या बाजूंनी गोलाकार कोसळत असेल, तर तो आतून कुठपर्यंत चमकतो याने काळोख्या भागाच्या व्यासात फरक पडत नाही. दोन्ही गणिते बरोबर आहेत. त्यांच्यातला फरक द्रव्याच्या मांडणीबद्दलच्या गृहीतकाचा आहे. पातळ सपाट तबकडी धरली तर पहिले खरे, जाड पारदर्शक ढग धरला तर दुसरे. एम८७ मधला वायू दुसऱ्या टोकाच्या जास्त जवळ आहे, असे वेधांवरून दिसते. आणि एक पुरावा मला गणितांपेक्षाही वजनदार वाटतो. २०१८ मध्ये त्याच विवराचे पुन्हा वेध घेतले गेले, या वेळी ग्रीनलंडची दुर्बीणही सामील होती. २०२४ च्या सुरुवातीला निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा वलयाचा व्यास होता तेवढाच निघाला, मात्र सर्वात तेजस्वी जागा सुमारे ३० अंशांनी सरकलेली होती. वर्षभरात वायूत खळबळ झाली होती, पण गुरुत्व तसूभरही हलले नव्हते. केवळ वायू चमकण्याची जागा व्यास ठरवत असती, तर दोन वेधांत तो इतका सारखा येण्याचे कारण सापडत नाही. ग्राला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इशारा दिला ते बरेच झाले. त्याने प्रतिमेची किंमत कमी झाली नाही, तिच्यातला कोणता भाग कोणाचा हे वेगळे करण्याची निकड वाढली.

आणखी दोन आक्षेप आकड्यांनीच निकालात निघतात. पहिला न्यूअल यांच्या शंकेचा वंशज: विवराभोवतीचा प्लाझ्मा कोरोनासारखाच किरण वाकवत असेल. मॉस्कोचे गेनाडी बिस्नोवाती-कोगान आणि ओलेग त्सुप्को यांनी २००९ पासून, आणि पुढे फोल्कर पेर्लिक यांच्यासोबत, प्लाझ्मातल्या गुरुत्वीय भिंगाचा सविस्तर सिद्धांत उभा केला आहे. प्लाझ्मा दाट असेल तर काळोखा भाग लहान दिसतो, हेही त्यातून निघते. पण एम८७ च्या वायूत घन सेंटिमीटरमागे दहा हजार ते एक कोटी इलेक्ट्रॉन असावेत, असा प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून अंदाज आहे. वरचा आकडा धरला तरी १.३ मिलिमीटरच्या लहरींसाठी अपवर्तनाचा परिणाम दहा कोटींत एकदोन भाग इतकाच भरतो. लांब तरंगलांबीवर तो वाढतो खरा, पण तिथे वायू अपारदर्शक होऊन आतले काही दिसूच देत नाही. दुसरा आक्षेप वायूच्या स्वतःच्या वजनाचा. हे विवर वर्षाकाठी सूर्याच्या फार तर एक-दोन सहस्रांश इतका वायू गिळते. हजार वर्षांचा घास एकत्र केला तरी तो दोन सूर्यांपलीकडे जात नाही, आणि विवर आहे ६५० कोटी सूर्यांचे. त्या वायूच्या गुरुत्वाने वलयाला कुठेही बाक येणार नाही.

वजनाचा आक्षेप मात्र मोठ्या पट्टीवर खरा ठरतो, आणि त्या गोष्टीत मुंबईचा वाटा आहे. ज्या वर्षी ल्युमिने यांचे चित्र आले, त्याच १९७९ मध्ये एका दीर्घिकेच्या भिंगामुळे दोन ठिकाणी दिसणारा क्वेसार पहिल्यांदा सापडला. पसरट वस्तुमानाच्या भिंगाने प्रतिमा विषम संख्येने दिसायला हव्यात, हे विल्यम बर्क यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले, पण दुर्बिणीत दिसत होत्या दोन किंवा चार. तिसरी किंवा पाचवी कुठे गेली? टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डी. नरसिंह, कंदस्वामी सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये या हरवलेल्या प्रतिमेचा प्रश्न हाताळला. ही प्रतिमा दीर्घिकेच्या अगदी मध्यावर पडते. तिथे तारे जितके दाट आणि वस्तुमान जितके एकवटलेले, तितकी ती मंद होते, आणि मध्यावर पुरेसे भारी कृष्णविवर असेल तर ती पूर्ण गिळलीही जाते. इथे भोवतालचे द्रव्य आणि विवर एकाच कामाला जुंपलेले आहेत आणि त्यांचे श्रेय वेगळे करणे अवघड आहे. २००४ मध्ये जोशुआ विन, डेव्हिड रुसिन आणि ख्रिस्तोफर कोचानेक यांनी पीएमएन जे१६३२-००३३ या क्वेसारची मधली प्रतिमा शोधली, आणि ती दिसते यावरूनच त्या दीर्घिकेतले विवर २० कोटी सूर्यांपेक्षा जड नसावे अशी मर्यादा आली. ती मधलीच प्रतिमा आहे हे पटवताना सर्वात कमी वारंवारतेवर ती अपेक्षेपेक्षा फिकी का, याचेही उत्तर द्यावे लागले. दीर्घिकेच्या गाभ्यातल्या तप्त वायूने लांब लहरी शोषल्या, हे ते उत्तर. म्हणजे मोजमाप भिंगाचे, पण वायूचा जमाखर्च मांडल्याशिवाय तेही पुरे झाले नाही.

वायूचा जमाखर्च अजून संपलेला नाही, हे एम८७ ने पुन्हा दाखवले. २०१८ मध्येच ३.५ मिलिमीटर तरंगलांबीवर घेतलेल्या वेधांचा निकाल २०२३ मध्ये आला, तेव्हा तिथेही वलय दिसले, पण व्यास निघाला सुमारे ६४ मायक्रोविकला, म्हणजे १.३ मिलिमीटरवरच्या वलयाच्या दीडपट. विवर तेच, वर्ष तेच. गुरुत्व तरंगलांबी पाहून किरण वाकवत नाही, तेव्हा हा सगळा फरक द्रव्याच्या खात्यावर जातो. ३.५ मिलिमीटरला वायू अजून पुरता पारदर्शक झालेला नाही, म्हणून आपल्याला दिसते ती त्याची बाहेरची फळी. आपल्या आकाशगंगेतल्या धनू अ* ची अडचण वेगळी. २०२२ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या तिथल्या वलयाचा व्यास सुमारे ५२ मायक्रोविकला, पण विवर लहान असल्याने वायू काही मिनिटांत एक फेरी मारतो आणि वेध चालू असतानाच चित्र पालटते. त्यामुळे हजारो संभाव्य प्रतिमांची सरासरी काढून ते वलय मांडावे लागले. फोमलाँट आणि स्रामेक यांनी कोरोनासाठी वापरलेली युक्तीच आता विवरांसाठी लागणार आहे: एकाच वेळी अनेक तरंगलांबींवर पाहायचे, जे तरंगलांबीबरोबर बदलते ते वायूचे आणि जे तसेच राहते ते गुरुत्वाचे. २०२४ मध्ये इव्हेंट होरायझनच्या काही दुर्बिणींनी ०.८७ मिलिमीटरवर दूरच्या दीर्घिकांचे संकेत एकत्र पकडून दाखवले. या तरंगलांबीवर एम८७ चा वायू आणखी पारदर्शक असायला हवा. तिथले वलय १.३ मिलिमीटरवरच्या वलयापेक्षा किती बारीक आणि किती आत येते हे मोजता आले, की गुणक १०.४ वरून ११ पर्यंत जाण्यात वायूचा हात किती, हे संगणकातल्या प्रतिरूपांवर आजच्याइतकी भिस्त न ठेवता सांगता येईल.